रात्रभर हिरवी खूण

पहाटे ५.४० ला एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "ताई, टाकीतलं दूध वास मारतंय. उकळून बघितलं, तर फाटलं. टँकरवाला घ्यायला तयार नाही." मी अंथरुणातच उठून बसले. एप्रिल महिना, २,००० लिटरचा कूलर आणि संध्याकाळचं संकलन झालेलं, म्हणजे पाऊण टाकी तरी दूध. माझ्या फोनवर मात्र रात्रभरात एकही मेसेज नव्हता.

तो मेसेज पाठवणारी व्यवस्था मीच उभी केली होती.

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात मी संगणकाचं काम बघते. आमच्या २३ केंद्रांवर कूलर आहेत. कासेतून निघालेलं दूध ३७ अंशांच्या आसपास असतं. ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथंच धरून ठेवायचं, एवढंच कूलरचं काम, पण सगळ्या गावाचं दूध त्यावर अवलंबून असतं. प्रत्येक कूलरच्या कंट्रोलरवर टाकीचं तापमान, कॉम्प्रेसर चालू की बंद आणि अलार्म, ही माहिती असते. एनएटएन हे वर्कफ्लो, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप होणाऱ्या पायऱ्या, जोडायचं साधन आहे. त्यात मी दर १५ मिनिटांनी २३ टाक्यांची माहिती जेसनमध्ये, म्हणजे संगणकांनी एकमेकांना माहिती द्यायच्या ठरावीक मांडणीत, मागवत होते. त्यातून अलार्म वाजलेल्या टाक्या गाळून काढायच्या आणि त्या केंद्राचा ऑपरेटर, सचिव आणि मी, तिघांना टेलिग्रामवर मेसेज टाकायचा.

हे मेसेज सुरू झाल्यापासून ऑपरेटरांच्या रात्री बदलल्या होत्या. या केंद्राचे ऑपरेटर, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, पूर्वी केंद्रावरच झोपायचे. संघानं त्यांना सांगितलं, आता घरी झोपा, फोन उशाशी ठेवा. घर दहा मिनिटांच्या अंतरावर.

साडेसातला मी केंद्रावर पोचले, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. साहेबांचं म्हणणं, मामांनी फोन बंद ठेवला असेल, नाहीतर मेसेज बघून परत झोपले असतील. दुधाचे पैसे पगारातून कापायची भाषा चालली होती. मामा काही बोलत नव्हते. मला बघितल्यावर त्यांनी फोन पुढे केला. चालू होता, रेंज होती, बॅटरी भरलेली. टेलिग्राम उघडून त्यांनी बोटानं शेवटचा मेसेज दाखवला. तो बारा दिवसांपूर्वीचा होता.

तिथल्याच वजनकाट्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. रात्री वर्कफ्लो जितक्या वेळा चालला, त्या धावांची यादी काढली. दर १५ मिनिटांना एक धाव, प्रत्येकीपुढे हिरवी खूण. एकही लाल नाही. रात्री १.१५ ची धाव उघडली. आत येणाऱ्या माहितीत या केंद्राचं तापमान २१.६, कॉम्प्रेसर बंद, अलार्म १ (वाजलेला). म्हणजे कंट्रोलर नीट बोलत होता. पुढच्या पायरीवर, जिथं माझी चाळणी होती, तिथं रिकामा चौकोनी कंस. त्यापुढची टेलिग्रामची पायरी चाललीच नव्हती, कारण तिला द्यायला काही नव्हतं. एनएटएनमध्ये एखाद्या पायरीतून काहीच बाहेर पडलं नाही, तर पुढच्या पायऱ्या शांतपणे थांबतात. ती चूक धरली जात नाही. धाव यशस्वी म्हणूनच नोंदली जाते.

चाळणी जेम्सपाथमध्ये लिहिलेली होती. जेसनमधून हवं तेवढं उचलायची ही छोटीशी भाषा आहे, ॲमेझॉनच्या क्लाउडच्या कमांड लाइनमध्येही हीच वापरतात. माझा पहिला संशय माझ्याच हातावर गेला. या भाषेच्या कागदपत्रांतल्या उदाहरणांत आधी प्रश्न येतो आणि मग माहिती. एनएटएनमध्ये उलटं, आधी माहिती. या अदलाबदलीत मी पूर्वी एकदा अख्खी दुपार घालवली होती. पण इथं क्रम बरोबर होता. ही ओळ तर कित्येक महिने चालली होती.

मग मी आत येणारी माहिती तक्त्याऐवजी मूळ जेसनमध्ये बघितली. आणि दिसलं. १ च्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरण चिन्हं होती.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जेसनमध्ये नुसता १ म्हणजे आकडा. अवतरणातला १ म्हणजे मजकूर, एखाद्या गावाच्या नावासारखा. माझ्या ओळीत विचारलं होतं, अलार्म बरोबर १ असलेल्या टाक्या द्या. तो १ बॅकटिकमध्ये होता, कीबोर्डवर १ च्या डावीकडे असते त्या कळीच्या चिन्हात. बॅकटिकमध्ये लिहिलेलं म्हणजे आकडा १. साध्या एकेरी अवतरणात लिहिला असता, तर मजकूर १ झाला असता. बरोबरीच्या तुलनेत जेम्सपाथ या दोघांना एक मानत नाही. मानावं अशी माझी अपेक्षाही नाही, काटेकोर आहे म्हणूनच मी ही भाषा वापरते. तिनं २३ टाक्या तपासल्या, आकडा १ असलेली एकही सापडली नाही, आणि तिनं खरं उत्तर दिलं: एकही नाही.

रात्री ९.१५ पासून पहाटे ५.३० पर्यंत ३४ धावा झाल्या होत्या. ३४ वेळा त्या कंट्रोलरनं अलार्म १ असं सांगितलं होतं.

हे कधीपासून, हे बघायला जुन्या धावा उघडल्या. आमच्याकडे १४ दिवसांच्या धावा साठवलेल्या असतात, म्हणजे तेराशेच्या वर. एकेक बघत बसले असते तर दुपार झाली असती. मधली उघडायची, अवतरण आहे का बघायचं, आणि उरलेल्या अर्ध्या भागातली परत मधली. दहा-अकरा वेळा उघडल्यावर नेमकी जागा सापडली: अकरा दिवसांपूर्वीची सकाळ. १०.३० ला नुसता १ किंवा ०, आणि १०.४५ पासून अवतरणात. कंट्रोलर पुरवणाऱ्यांनी त्या दिवशी त्यांच्याकडची प्रणाली नवी केली होती. आम्हाला कळवलं नव्हतं.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. ते अकरा दिवस एकही मेसेज आला नव्हता, आणि आम्ही सगळे खूश होतो. भर उन्हाळ्यात कूलर किती छान चाललेत, असं मी स्वतः बैठकीत बोलले होते. त्या अकरा दिवसांत आणखी चार केंद्रांवर अलार्म वाजलेला मला जुन्या धावांत सापडला. तिथं कुणीतरी वेळेवर केंद्रात होतं, म्हणून निभावलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. जेम्सपाथमध्ये किंमत आकड्यात बदलायचं फंक्शन आहे. ते अलार्मभोवती घातलं, की अवतरण असो वा नसो, १ तो १. पण तेवढ्यावर मला थांबवेना. उद्या शून्य-एकाच्या जागी हो-नाही आलं, तर परत तेच. म्हणून आता आधी टाक्या मोजते: अलार्म १ असलेल्या किती, ० असलेल्या किती. दोन्हींची बेरीज २३ भरली नाही, तर धाव मुद्दाम चूक म्हणून थांबवायची. तशी थांबली, की वेगळा वर्कफ्लो मला फोनवर उठवतो. आणि रोज रात्री ९ ला प्रत्येक ऑपरेटरला त्याच्या टाकीचं तापमान जातं, सगळं ठीक असलं तरी. मेसेज आला नाही, तर त्यानं मला फोन करायचा.

साहेबांना मी तिथंच उभ्या उभ्या सगळं दाखवलं. जेसन त्यांच्या रोजच्या कामातलं नाही, पण १ भोवतीची दोन चिन्हं त्यांना लगेच दिसली. अहवालात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: संगणक विभागाची तपासणीची ओळ. ऑपरेटरचा दोष नाही, ऑपरेटरला सूचना गेलीच नाही. त्या ओळीखाली सही केली. पैसे कापायचा विषय तिथं संपला, आणि त्या गावच्या उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल संघानं पूर्ण काढलं. दूध मात्र ओतूनच द्यावं लागलं. केंद्रामागच्या चरातून ते जाताना गावातल्या दोन बाया बघत उभ्या होत्या. त्यांच्या म्हशींचं दूध त्यात होतं.

सकाळचं संकलन आम्ही कॅनमधून शेजारच्या केंद्राला पाठवलं. दुपारी टाकी धुऊन झाली, कॉम्प्रेसरचा रिले बदलला. मी मामांना म्हटलं, टाकी रिकामी आहे तोवर करून बघू. त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. पॅनेलवर लाल दिवा लागला. पुढच्या धावेला अजून नऊ मिनिटं होती. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो.

४.३० ला त्यांचा फोन वाजला, पाठोपाठ माझा. मामांनी चष्मा लावून मेसेज शेवटपर्यंत वाचला, केंद्राचं नाव, तापमान, वेळ. मग उठून कॉम्प्रेसर चालू केला.

मी निघाले तेव्हा संध्याकाळच्या संकलनाची रांग लागत होती. वजनकाट्यामागं, भिंतीला टेकवून, मामांचं गुंडाळलेलं अंथरूण ठेवलेलं होतं.