बसणे, बसवणे आणि 'सेट'

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. ज्या शाळेने शब्दकोश उघडायची सवय लावली, तिला मी एक शब्दच देतो: 'सेट'. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचेच ४०० हून अधिक अर्थ! पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं.

एवढे अर्थ पाठ करायचे नसतात. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. मुळात ते 'सिट'चं प्रयोजक रूपच आहे. मराठीत आपण हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च. 'सेट द टेबल' म्हणजे ताटं-वाट्या जागच्या जागी मांडणं, 'सेट अ पेपर' म्हणजे प्रश्नपत्रिका काढणं. सुतार करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवतो, तेही 'सेट' करणंच. ते वाकवले नाहीत तर चीर पात्याएवढीच पडते आणि करवत लाकडात अडकते.

कधी वस्तू आपली आपणच बसते, तेव्हा कर्म लागत नाही. सूर्य मावळतो, जेली थिजते, सिमेंट धरतं. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या भारतीय मानकात 'इनिशियल सेट', म्हणजे धरायला सुरुवात, ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि 'फायनल सेट'ला, म्हणजे पुरतं धरायला, ६०० मिनिटांहून जास्त लागता कामा नयेत. म्हणून धरू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करू नये, ताकद जाते. 'सेट' झालं म्हणजे फक्त आकार धरला. पुरती मजबुती यायला पाणी मारत कित्येक दिवस जावे लागतात.

कपांचा सेट किंवा गणितातला संच हा मात्र निराळा शब्द. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन. दोन्ही पुढे एकमेकांत मिसळले.

परीक्षेत मुलं चुकतात ती रूपांत. तिन्ही रूपं 'सेट'च, 'सेटेड' कधीच नाही. 'शी सेट द अलार्म' हा भूतकाळ, कारण वर्तमानात 'सेट्स' हवं. 'आय सेट' असेल तर काळ आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवावा लागतो. मुलगा पुण्यात 'सेट झाला' हे आपलं मराठी. इंग्रजीत तिथे 'सेटल्ड' लागतं. 'ही इज ऑल सेट' म्हणजे तो तयार आहे.

सर्वांत महाग पडते ती 'सेट असाइड'ची चूक. पैसे 'सेट असाइड' केले म्हणजे वेगळे काढून ठेवले. पण वरच्या कोर्टाने खालचा आदेश 'सेट असाइड' केला म्हणजे तो रद्द केला. भाषांतरात 'बाजूला ठेवला' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की निर्णय अजून व्हायचाय. राखून ठेवलेल्या निकालाला 'रिझर्व्ह्ड' म्हणतात.