साडेसात किलोंचं यंत्र, साडेचार एकरांचा उतार

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या बागेच्या वरच्या अंगाला वणवा शिरला आणि काजूची अकरा झाडं होरपळली. आग शेजारच्या माळावरून आली, पण ती आत शिरली ती आमच्या गवतामुळे. ऑक्टोबरात बेणणी, म्हणजे गवतकापणी, झाली नव्हती. कंबरभर वाढलेलं गवत उभ्या उभ्या वाळलं होतं, त्याला ठिणगी पुरली. त्या रात्री ओल्या फांद्यांनी आग झोडपताना मी मनाशी ठरवलं, की पुढच्या वर्षी गवत माणसांची वाट बघत उभं राहणार नाही, गवत कापायचं यंत्र घ्यायचं.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. साडेचार एकरांत हापूसची एकशेचाळीस कलमं आणि काजूची साठेक झाडं. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, मग तीन टप्प्यांत उतार, प्रत्येक टप्प्याला गडगा, म्हणजे दगडांचा बांध. नवरा मुंबईत नोकरीला, दोन आठवड्यांनी एकदा येतो. बाग मी आणि सासरे बघतो. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यांनी हयातभर कोयतीनं बाग बेणली. आता गुडघे साथ देत नाहीत आणि गावात कोयती चालवणारे हात उरलेले नाहीत. जे आहेत ते भातकापणीच्या दिवसांत मिळत नाहीत, आणि आमचं गवत नेमकं तेव्हाच कापायला येतं.

वर्षातून दोनदा गवत काढावं लागतं. पहिल्यांदा जुलैच्या अखेरीस, कलमांना कल्टार, म्हणजे मोहोरासाठी बुंध्याशी घालायचं औषध, घालायच्या आधी, कारण बुंध्याभोवती तण असेल तर औषध नीट लागत नाही. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, पाऊस थांबला की. ही दुसरी बेणणी चुकली की वणव्याला आयतं सरपण.

तर ग्रास कटर, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला पातं फिरणारं यंत्र, घ्यायचा, हे ठरलं. कुठला, हे ठरायला दोन महिने लागले. भेटेल तो सल्ला द्यायचा आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा, "चालवणार कोण?" मी चालवणार म्हटलं की पुढचा सल्ला बदलायचा. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, तुमाला नाय जमायचं ता. बावन्न सीसीचा घ्या आनि गडी लावा." गडी असते तर यंत्र कशाला लागलं असतं?

पुण्याला नणंदेच्या सोसायटीत चाकांचा लॉन मोवर आहे, तो मी पाहिलेला होता. सपाट हिरवळीवर तो फार सुरेख चालतो, गालिचा कातरल्यासारखं गवत दिसतं. पण त्याचं पातं जमिनीपासून दोन बोटांवर फिरतं आणि आमच्या सड्यावर प्रत्येक दुसऱ्या पावलाला जांभ्याचा धोंडा डोकं वर काढून बसलेला. चाकाचं यंत्र पहिल्याच तासाला बाद झालं असतं. वायरवर चालणारा विजेचा कटर स्वस्तात मिळत होता, पण तीनशे फूट वायर ओल्या गवतातून फरफटवायची, तीही पातं फिरत असताना, हा विचारसुद्धा नको वाटला. राहिले तीन: बॅटरीचा, टू-स्ट्रोक पेट्रोलचा आणि फोर-स्ट्रोक पेट्रोलचा.

बॅटरीवर माझा जीव जडला होता, हे कबूल करते. हलका, धूर नाही, दोरी ओढायची नाही, आवाज इतका कमी की बाजूला उभ्या माणसाशी बोलता येतं. दुकानदारानं घरी येऊन चालवून दाखवायची तयारी दाखवली आणि मी त्याला थेट मधल्या टप्प्यावर नेलं. बॅटरी 36 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची, म्हणजे गुणाकार करून 180 वॉट-अवर. अंगणातल्या कोवळ्या गवतात ती पाऊण तास चालते, असं तो म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. पण डोंगरगवतात यंत्र पाचशे वॉटपर्यंत खेचतं. मी घड्याळ लावलं होतं, बाविसाव्या मिनिटाला पातं थांबलं. दिवसभराच्या कामाला अशा दहा-बारा बॅटऱ्या हाताशी हव्यात, किंवा सतत चार्जिंग हवं. आणि आमच्याकडे जुलैत एक फांदी तारेवर पडली की दोन दोन दिवस वीज नसते. ज्यांच्याकडे फक्त अंगण आणि परसबाग आहे त्यांनी खुशाल बॅटरीचा घ्यावा, त्यांच्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. आमच्या उतारावर तो पुरला नाही.

टू-स्ट्रोक म्हणजे गावात सगळीकडे दिसतो तो. किमतीला कमी, ताकद भरपूर, सुटे भाग तालुक्याच्या बाजारात हमखास मिळतात. याच्या इंजिनात वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. कुठल्या यंत्राला लिटरमागे 20 मिली, कुठल्याला 40, ते माहितीपुस्तिकेत बघायचं. शेजारच्या काकांचा कटर मी एक दिवस मागून आणला आणि चालवला. कापतो झकास, रानमोडीच्या जून दांड्यासुद्धा सपासप जातात. पण तासाभरानं उतरवला तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती, पाण्याचा तांब्या धरताना हात थरथरत होता. आणि धूर सगळा नाकातोंडात. आठवड्याभरानं त्याच यंत्रात त्यांच्या पुतण्यानं घाईत नुसतं पेट्रोल ओतलं. तेल नाही म्हटल्यावर पिस्टन जाम झाला, इंजिनच बदलावं लागलं. आमच्या घरात पेट्रोल मी भरणार, कधी नवरा, कधी मदतीला येणारी मावशी. तीन हातांतून एकदा तरी चूक होणार, हे मला दिसत होतं.

फोर-स्ट्रोकचा मुख्य फायदा माझ्या दृष्टीनं हाच, की साधं पेट्रोल घालायचं आणि तेल स्वतंत्र. मी पाहिलं त्या यंत्राला होंडाचं जीएक्स 35 इंजिन होतं, 35.8 सीसीचं. त्यात तेल मावतं जेमतेम 100 मिली, 10W-30 ग्रेडचं. म्हणजे चहाच्या कपाएवढं तेल, ते मात्र दर खेपेला तपासायचं आणि वेळच्या वेळी बदलायचं. पहिल्यांदा दहा तासांनी, मग दर पन्नास तासांनी. एका टाकीत साधारण तासभर काम होतं, आणि तेवढ्यानंतर माणसालाही थांबायलाच हवं असतं. आवाज खालच्या पट्टीतला, कंपनं कमी. किंमत मात्र गावात सर्रास मिळणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तिप्पट. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो, पण पूर्वसंमती हातात पडायच्या आधी यंत्र विकत घेतलं तर अनुदान मिळत नाही. मला जुलैच्या आत हवं होतं, म्हणून पदरचे पैसे घातले. ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी आधी अर्ज करावा.

इंजिन ठरलं तरी अर्धंच ठरलं होतं. खांद्यावर अडकवायचा की पाठीवर घ्यायचा? पाठीवरच्यात इंजिन दप्तरासारखं पाठीला बसतं आणि लवचिक शाफ्टमुळे दांडी कशीही वळते. गडग्याच्या कडेनं, चढावर फार सोयीचं. वजन दहा किलोंच्या पुढे, पण ते पाठीवर, म्हणून जाणवत नाही असं सगळे म्हणत होते. मी घालून पाहिला आणि मग तो पटकन उतरवून पाहिला. तिथे माझा निर्णय झाला. आमच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप आहे. जांभ्याच्या कपारीत बसतं, अंगावर अंग घासून करकर आवाज करतं, पण इंजिन चालू असताना तो कानावर येणं शक्यच नाही. गांधिलमाशांची पोळीही गवतात असतात. अशा वेळी यंत्र अंगावरून क्षणात सुटलं पाहिजे. खांद्यावरच्या यंत्राला छातीशी एक लाल पट्टी असते, ती ओढली की सगळं यंत्र खाली आणि माणूस मोकळा. पाठीवरचं काढायला मला आठ-दहा सेकंद लागले.

वजनाचंही एक सांगते, कारण ते मला दुकानात कुणी आपणहून सांगितलं नाही. साडेसात किलोंचं ते यंत्र पहिल्यांदा अडकवलं तेव्हा पातं सारखं जमिनीकडे जात होतं आणि मी दोन्ही हातांनी ते वर उचलून धरत होते. पाच मिनिटांत दंड भरून आले. मला वाटलं, काका म्हणाले तेच खरं. दुकानातला मेकॅनिक मुलगा बघत होता. तो म्हणाला, "ताई, थांबा, हात सोडा." त्यानं पट्टे आवळले, आकडा कमरेच्या हाडापाशी आणला आणि दांडीवरची कडी चार बोटं पुढे सरकवली. मी हात सोडले. पातं आपोआप वर आलं आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर तराजूच्या काट्यासारखं तरंगत राहिलं. तेच यंत्र, तेच वजन, पण आता मला फक्त कमरेतून वळायचं होतं. सीसी आणि हॉर्सपॉवर विचारायच्या आधी, दोन्ही खांद्यांचा पट्टा आहे का, कडी सरकते का आणि ती आपल्या उंचीला लावून देणार का, हे विचारा.

हँडलही मी बदलून घेतलं. सायकलसारखं रुंद हँडल मोकळ्या माळावर चांगलं, लांब झोका मिळतो. पण उतारावर ते मांडीला अडतं. मी दांडीला वेढा घालणारं लहान हँडल घेतलं.

पात्यांमध्ये मी चूक केली आणि ती मला अजून लागते. यंत्राबरोबर तीन दाती पातं आणि नायलॉन दोरीची चकरी आली होती, ऐंशी दातांचं गोल पातं मी वेगळं घेतलं. गवताला तीन दाती, रानमोडी आणि करवंदीला ऐंशी दाती, गडग्याच्या कडेला नायलॉन, हे बरोबर होतं. पण नायलॉन म्हणजे नरम, असं समजून मी पहिल्याच आठवड्यात ती चकरी तीन वर्षांच्या कलमाच्या बुंध्याशी नेली. एक झटका, आणि बोटभर रुंदीची साल गोल सोलून निघाली. आतलं पांढरं लाकूड ओलं दिसत होतं. आबांनी जखमेवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, वर गोणपाट बांधलं. कलम पुढच्या उन्हाळ्यात सुकलं. आबा एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वतः स्टूल घेऊन एकेका कलमाशी बसायचे आणि बुंध्याभोवतीचं हातभर गवत कोयतीनं काढून ठेवायचे. आता तीच आमची रीत आहे. आधी कोयतीचं आळं, मग त्याच्या बाहेर यंत्र.

काम करताना कळलेल्या दोन-तीन गोष्टी. पातं उजवीकडून डावीकडे कापतं, गवत डाव्या बाजूला पडतं. म्हणून उतारावर खालून सुरुवात करायची, डावा हात खालच्या अंगाला ठेवून आडवं चालायचं, म्हणजे कापलेलं गवत कापलेल्या जागेवरच पडतं. ओळ संपली की रिकामं परत यायचं, उलट दिशेनं कापत यायचा मोह टाळायचा. पात्याची समोरची उजवी बाजू दगडाला किंवा खुंटाला लागली तर यंत्र जोरात उसळतं. पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात. मी पहिल्या दिवशी सोडवायच्या नादात तो अर्धा तास आवळत बसले होते. गिअर बॉक्सच्या भोकात सळी घालून पातं अडवायचं आणि नट घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा, मग तो सुटतो. चेहऱ्यावर जाळी किंवा काच, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, कानाला मफ, आणि पंधरा मीटरच्या आत कुणीही नको. एकदा जांभ्याचा खडा उडून माझ्या काचेवर इतक्या जोरात बसला, की तिथे चंद्रकोरीसारखा ओरखडा राहिलाय. ती काच नसती तर तो डोळ्यात बसला असता.

पेट्रोलचंही नीट बघावं लागतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्या पावसाळ्यात दोन महिने टाकीत पेट्रोल ठेवलं तर कार्ब्युरेटर चोंदलाच. म्हणून लागेल तेवढंच आणते. काम संपलं की टाकी रिकामी करते आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते. मग पातं पुसून, तेलाचा हात फिरवून यंत्र पडवीत आडव्या वाशाला टांगते.

गेल्या ऑक्टोबरात पूर्ण बाग अकरा दिवसांत झाली, रोज सकाळी साडेसहा ते दहा. मदतीला फक्त मावशी. साप हटावेत म्हणून ती बऱ्याच अंतरावर पुढे काठी आपटत चालायची आणि मागाहून गवत गोळा करून कलमांच्या आळ्यात आच्छादनाला घालायची. सगळ्यात शेवटी वरच्या सड्याला, शेजारच्या माळाला लागून, पंधरा फूट रुंदीचा पट्टा मातीपर्यंत साफ केला. ती जाळरेषा, आग पुढे येऊ नये म्हणून.

या जानेवारीत काकांनी विचारलं, "वहिनी, आमचा वरचा माळ घालशील काय कापून? पेट्रोल माजा." त्यांचा माळ म्हणजे जिथून आग आली होती तोच. मी तीन सकाळी जाऊन तो कापून दिला. पट्टा आता दोन्हीकडून मिळून चाळीस फुटांचा झालाय.