पडद्याच्या अलीकडची ओटी

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या छातीशी एक उभा निळा पडदा असतो. पलीकडे सर्जन: कोपरापर्यंत घासलेले हात, निर्जंतुक गाऊन, कशाला शिवायचं नि कशाला नाही याचे कडक नियम. अलीकडे आम्ही भूलवाले. पेशंटचं तोंड, सलाइन, औषधाच्या सिरिंजा, मशीनची बटणं, कीबोर्ड, सगळं त्याच दोन हातांनी. इथे अमेरिकेत त्या पडद्याला चेष्टेत 'ब्लड-ब्रेन बॅरिअर' म्हणतात, म्हणजे पलीकडे रक्त, अलीकडे मेंदू.

सातारा जिल्ह्यात ओटी टेक्निशियन होते, आता अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका हॉस्पिटलात भुलीची यंत्रं केससाठी तयार ठेवते. गावाकडून आत्या विचारते, "तिकडं सगळं एकदा वापरून टाकतात ना गं? मग इन्फेक्शन कसलं?"

टाकतात, खरं आहे. प्रत्येक पेशंटमागे, त्याला मशीनमधून श्वास पोचवणाऱ्या नळ्यांचं अख्खं सर्किट कचऱ्यात जातं. पहिल्या आठवड्यात माझा जीव अक्षरशः तुटायचा. जर्मनीत मात्र दर पेशंटला जंतू अडवणारा फिल्टर बदलून तेच सर्किट सात दिवसांपर्यंत वापरायला मान्यता आहे, आणि तिथली माणसंही नीट बरी होऊन घरी जातात. म्हणजे खोट दुसरीकडेच आहे. ती हातात आहे.

न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ-हिचकॉकच्या भूलतज्ज्ञांनी 2008 मध्ये 61 ऑपरेशन्सचा अभ्यास छापला. मशीनवरचा एपीएल व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आणि भुलीच्या वायूचा डायल, या सतत हात लागणाऱ्या दोन जागा त्यांनी तपासल्या, आणि सलाइनचा थ्री-वेसुद्धा, म्हणजे सलाइनच्या नळीतली औषध टोचायची छोटी तोटी. केस सुरू होताना थ्री-वे निर्जंतुक होता. संपेपर्यंत 32 टक्के केसेसमध्ये त्यात जंतू सापडले. थ्री-वे म्हणजे थेट शिरेचं दार! पुढच्याच वर्षी त्याच हॉस्पिटलात भूल देणाऱ्यांच्या कमरेला सॅनिटायझरचं छोटं यंत्र अडकवलं, तेव्हा हे प्रमाण साडेसात टक्क्यांवर आलं. कमरेला बाटली, एवढाच फरक.

"पण ग्लोव्ह्ज असतात की!" हा आत्याचा पुढचा प्रश्न. ग्लोव्ह्ज आपल्याला वाचवतात. पेशंटला वाचवतील की नाही, ते कधी काढता यावर ठरतं. मायामी विद्यापीठात सरावाच्या ओटीत पुतळ्याच्या ओठांना आणि तोंडात चमकणारा रंग लावला आणि शिकाऊ डॉक्टरांना श्वासनलिकेत ट्यूब टाकायला सांगितली. नंतर अतिनील दिव्याखाली पाहिलं, तर एकच जोडी घातलेल्यांनी रंग सरासरी वीसेक जागी नेला होता. ज्यांनी दोन जोड्या घालून ट्यूब बसताच वरची काढून टाकली, त्यांचा पाचेक जागी. इथल्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही दोन जोड्यांचा हा सल्ला आहे. त्याशिवाय लॅरिंगोस्कोपचं (ट्यूब टाकताना घसा बघायच्या उपकरणाचं) पातं धुऊन मूठ नुसती पुसायची सवय सोडा, इंजेक्शन टोचण्याआधी थ्री-वेचं तोंड अल्कोहोलने घासा, असंही त्यात आहे. पाळतात सगळे? नाही. घाईच्या केसमध्ये थुंकी लागलेल्या ग्लोव्ह्जनी भुलीच्या वायूचा डायल फिरवणारे मी इथेही रोज बघते.

शिरेतून भूल द्यायच्या प्रोपोफोलचं तर विचारूच नका. ते दुधाळ पांढरं औषध तेलाचं असतं, त्यात जंतू मजेत वाढतात. 1990 च्या सुमारास अमेरिकेत सात हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर पेशंटना जंतुसंसर्ग झाला, त्याचा माग याच औषधाच्या हलगर्जी हाताळणीपर्यंत पोचला होता.

माझ्या वाट्याला दोन केसेसमधली वीसेक मिनिटं येतात. जांभळ्या झाकणाच्या डब्यातले जंतुनाशकाचे ओले वाइप्स काढायचे आणि डायल, व्हॉल्व्ह, मॉनिटरच्या वायरी, ड्रॉवरच्या मुठी पुसायच्या. पुसलेली जागा दोन मिनिटं ओली राहिली पाहिजे, तरच जंतू मरतात. आई फरशी पुसल्यावर वाळेपर्यंत पाय ठेवू द्यायची नाही, तसं मी भूलतज्ज्ञांना दाराशी थोपवते. कुरकुरतात, पण थांबतात.

कराडला माझा मामेभाऊ भूलतज्ज्ञ आहे. कोणतं मशीन घेऊ, असं त्याने मागे विचारलं होतं. म्हटलं, आधी मशीनच्या उजव्या हाताला सॅनिटायझरची बाटली लाव. ती त्याने लावली. ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या मात्र दर केसला परवडत नाहीत म्हणतो. मग एकच घाल म्हटलं, पण ट्यूब टाकून झाली की मशीनला हात लावायच्या आधी काढ, आणि हात चोळ.