आमची वाटचाल : पाच मासे आणि एक दगड

खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून त्यांची देखभाल करण्याचा व्यवसाय आम्ही दोन भागीदारांनी एक रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारे उपकरण), काही बादल्या आणि एक जुना आरओ संच एवढ्या सामानावर सुरू केला. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला न लावता समुद्राइतक्या खाऱ्या, म्हणजे 35 पीपीटीच्या (हजारी 35 भाग क्षार असलेल्या) द्रावणावरच लावायचा, हा माझ्या भागीदाराचा कटाक्ष होता. तो व्यवसाय सोडून गेला, तरी रोज सकाळी पहिला थेंब काचेवर टाकताना त्याची आठवण येते. पहिली दोन वर्षे बरी गेली.

तिसऱ्या वर्षी आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक, एक निवृत्त शिक्षिका (आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो), यांच्या 400 लिटरच्या टाकीतून मासे नाहीसे होऊ लागले. प्रथम फायरफिश गेला. तो उडी मारणारा मासा असल्याने आम्ही कपाटामागे, टाकीतले पाणी बाहेर उतरते त्या ओव्हरफ्लोच्या पेटीत, सम्पमधल्या (खालच्या गाळण टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या पिशवीत, सगळीकडे पाहिले. परंतु टाकीवर 6 मिलिमीटरची जाळी घट्ट बसलेली होती आणि जमीन कोरडी होती. त्यानंतर गोबी गेला, मग दोन क्रोमिस, आणि शेवटी रॉयल ग्रामा. अडीच महिन्यांत पाच मासे गेले. संध्याकाळी खाण्यावर तुटून पडलेला मासा सकाळी नसे. ना काटा, ना खवला. मेलेला मासा कुजला की पाण्यात वाढणारा अमोनिया प्रत्येक वेळी शून्य. बाई वहीत तारीख घालून मासे मोजत असत, म्हणूनच हे सारे नेमके सांगता येते.

याच काळात दुसऱ्या एका व्यावसायिकाने बाईंची टाकी पाहिली आणि आमचे मासे समुद्रात सायनाइड टाकून, गुंगवून पकडलेले, आतून पोखरलेले असतात, असे सांगितले. हे बोलणे आमच्या इतर ग्राहकांपर्यंतही पोहोचवले गेले. आम्ही प्रत्येक मासा विलगीकरणाच्या टाकीत ठेवून, तो आमच्या डोळ्यांसमोर खातो हे पाहिल्याशिवाय कधीही दिलेला नाही. तरीही एकोणीसपैकी सात जणांनी देखभालीचे काम काढून घेतले. त्या व्यावसायिकाने बाईंना दोन नवे मासे विकले, तेही गेले. तेव्हा त्याने खडकात राहणाऱ्या ब्रिसल वर्म या केसाळ किड्यांवर ठपका ठेवला. वास्तविक ब्रिसल वर्म, हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आणि नॅसेरियस गोगलगायी हे मेलेला मासा रातोरात संपवणारे सफाई कामगार आहेत. सकाळी ते प्रेताभोवती दिसतात, एवढ्यावरून त्यांना मारेकरी ठरवणे चुकीचे आहे. त्याच महिन्यात माझा भागीदार बाहेर पडला. त्याला घर चालवायचे होते. त्याच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही.

बाईंनी मात्र मला एकच विचारले, “मासा मेला असेल तर मेला म्हणा. पण गेला कुठे, ते सांगा.” मी त्यांच्या घरी सलग चार रात्री बसण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली.

दिवे मालवल्यावर दोन-तीन तास काहीही करायचे नाही, आणि त्यानंतर पांढरा उजेड न वापरता फक्त लाल टॉर्च लावायचा, कारण खडकात लपणाऱ्या बहुतेक जिवांना लाल प्रकाश नीट जाणवत नाही. तिसऱ्या रात्री मी लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून एकेका भोकासमोर नेत होतो. डावीकडच्या मोठ्या दगडाच्या बुडाशी पाच पट्टेदार मिशा बाहेर आल्या, थबकल्या, आणि तुकडा चिमट्यातून हिसकला गेला. चिमट्याला बसलेला तो झटका आजही हाताला आठवतो. पांढरा टॉर्च लावला तेव्हा जांभळी-हिरवी झळाळी दिसली आणि भोक रिकामे झाले. तो युनिस होता, म्हणजे बॉबिट वर्मच्या कुळातला किडा. असा किडा स्वतः लपून राहतो, जबड्यात सापडलेला मासा बिळात ओढतो आणि तिथेच संपवतो. त्यामुळे बाहेर काही उरत नाही.

दगड उचलून टबमध्ये ठेवला आणि छिन्नीने हळूहळू फोडला. घाई केली तर किडा तुटतो आणि मागचा भाग आतच राहतो, म्हणून सकाळ होईपर्यंत वेळ लागला. तो सुमारे दोन फूट भरला. 2009 साली इंग्लंडमधील न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळ कापणारा असाच किडा टाकीतली दगडांची मांडणी उपसल्यावर सापडला होता, आणि तो मीटरभराहून लांब होता. तेव्हा घरगुती टाकीत असे होत नाही, असे कोणी समजू नये.

तो दगड आम्हीच बसवला होता. बाईंना मी ते तिथेच सांगितले आणि पाचही मासे भरून दिले.

ज्यांचे मासे नाहीसे होत आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की जुना कुठे गेला हे कळेपर्यंत नवा मासा सोडू नका. पहिल्याच दिवशी खडकही उपसू नका; नवा रॅस मासा कित्येक दिवस वाळूत दडून बसतो आणि मग आपणहून बाहेर येतो. काचेवर बारीक टकटक ऐकू येत असेल तर मॅन्टिस श्रिंपचा, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या शिकारी जिवाचा, संशय धरा. मोठा हिरवा ब्रिटल स्टार (लांब हातांचा, ताऱ्याच्या आकाराचा जीव) निरुपद्रवी म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. तो झोपलेला मासा धरतो. नवा लाइव्ह रॉक (आत जीव वसलेला समुद्री दगड) निदान सहा आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा आणि रात्री आमिष लावून पाहत राहा.

आमच्याकडे त्या प्रसंगानंतर एकही दगड या टबातून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. सातपैकी पाच ग्राहक परत आले. बाईंची टाकी अजून आमच्याकडेच आहे, आणि दर रविवारी त्या वहीतला आकडा फोनवर कळवतात. सायनाइडची बातमी पसरवणाऱ्या व्यावसायिकाला मी किड्याचा आणि फोडलेल्या दगडाचा फोटो त्याच आठवड्यात पाठवला होता. त्याने आजवर उत्तर दिलेले नाही.