वर्तुळाला कान

"मॅडम, या गोल्याले कान काहून काढला?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या क्लासमध्ये ऑटोमॅटाची, म्हणजे इनपुटप्रमाणे अवस्था बदलणाऱ्या काल्पनिक यंत्राची, आकृती पडद्यावर होती. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, वर्ग खो खो हसला. मला मात्र तो दिवसभर टोचत राहिला.

गोल म्हणजे यंत्राची एक अवस्था आणि तो कान म्हणजे लूप. इनपुट आलं तरी अवस्था तीच राहते, म्हणून बाण स्वतःकडेच परततो. पण बाणाचं टोक मागून दिसेल तर ना!

टिक्झमध्ये, म्हणजे आदेश लिहून आकृत्या काढायच्या साधनात, वरचा लूप आपोआप १०५ अंशांवर निघतो, ७५ वर शिरतो. मध्ये जेमतेम ३० अंश. रात्री निघायचा कोन (आउट) १३०, शिरायचा (इन) ५० केला, लूझनेस (लूपचा फुगीरपणा) ८ वरून ६ वर आणला, टोकाला ठसठशीत स्टेल्थ छापाचं बाणटोक. (लाइट गेली नाही, हे नशीब.)

किती आकृत्या अशाच, कुणी काही विचारत नाही म्हणून, वर्षानुवर्षं छापल्या जात असतील?