कुलंगवरचं टाक्याचं पाणी

आंबेवाडीतून पहाटे निघताना प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी होतं. कुलंग गडाची चढण मात्र संपता संपत नाही. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून माथ्यावर आलो, तोवर पाचजणांत मिळून एक बाटली उरली होती. फेब्रुवारीचं ऊन, पिवळं पडलेलं गवत आणि समोर मदन, अलंग, कळसुबाई. मुक्काम गडावरच होता, म्हणजे आता सगळी भिस्त कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवर.

कुलंगवर दहा टाक्यांचा समूह आहे. पहिल्या टाक्यापाशी मी बाटली बुडवणार, तोच बरोबरचे गावातले मामा म्हणाले, "ताई, ह्याचं नका घेऊ. इथं वानरं उतरतात, माणसंबी पाय धुतात." वाकून पाहिलं तर कडेला शेवाळ, त्यात अडकलेली वेफर्सची पिशवी आणि वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. मामांनी दाखवलेल्या पुढच्या टाक्याचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. आमच्यातला एकजण ओंजळीने प्यायलाच निघाला होता, त्याला मी हात धरून थांबवलं.

कारण दोन वर्षांपूर्वी मीही अशीच घाई केली होती. एका गडावर गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकली आणि पाच मिनिटांत अर्धी बाटली संपवली. गोळी टाकलीय ना, मग झालं, असं वाटलं. दहा दिवसांनी सडक्या अंड्यासारखे ढेकर, पोटात गुरगुर आणि जुलाब. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी जंतू निघाला. दोन आठवडे अंगात त्राण नव्हतं. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

मामांनी पिशवीतून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा काढला, चार घड्या करून पातेल्याच्या तोंडावर धरला. ही पद्धत साधी वाटते, पण तिच्यात मोठा अर्थ आहे. बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी साडी अशीच घडी घालून पाणी गाळायला सांगितलं, तेव्हा पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून आरपार जातात, म्हणून गाळणं ही फक्त सुरुवात. कापडाची वरची बाजू खाली होऊ नये म्हणून मामांनी एका कोपऱ्याला गाठ मारून ठेवली होती. ती गाठ मला फार आवडली.

गुहेतल्या तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढलं. कडेला बारीक बुडबुडे येताच पोरं "झालं, झालं" करू लागली. ते झालेलं नसतं. मधोमध खळखळून उकळी फुटली पाहिजे आणि ती एक मिनिट टिकली पाहिजे. कुलंगच्या सुमारे १४७० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, तरी रोगजंतू मरायला ते पुरतं. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं लागतं, पण महाराष्ट्रात तेवढी उंची नाहीच. कळसुबाईसुद्धा १६४६ मीटर. उकळलेलं पाणी बेचव लागतं, धुराचा वासही येतो. स्वच्छ भांड्यात दोन-तीनदा वरून ओतलं की चव सुधारते.

रात्रीपुरतं पाणी उकळलं, पण सकाळच्या उतरणीसाठी जळण पुरेना. मग गाळलेल्या पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणाने गोळ्या टाकल्या. मामांनी विचारलं, "विहिरीत टीसीएल टाकतात, तसंच का हे?" अगदी तसंच, दोन्हीत काम करतं ते क्लोरीनच. अर्धा तास थांबायचं. पाणी गार असेल तर त्याहून जास्त. आम्ही तर रात्रभर ठेवलं. मध्ये एकदा झाकण सैल करून बाटली कलती केली, म्हणजे झाकणाच्या आट्यांत अडकलेलं कच्चं पाणीही धुऊन निघतं. तोंड लागतं ते तिथेच. गढूळ पाण्यात क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतं. माझी चूक तीच होती, आणि घाईची. काही चिवट जंतू तर क्लोरीनलाही दाद देत नाहीत. म्हणून जळण असेल तिथे मी उकळतेच.

सकाळी दुसरा एक ग्रुप टाक्यांपाशी आला. एका मुलाने पोह्यांची ताटली थेट त्या नितळ टाक्यात बुडवायला घेतली. मला राग आला, पण मामा शांतपणे पुढे झाले. "दादा, पाणी काढून घ्या आन् तिकडं लांब धुवा. मागून येणारं हेच पितं." मुलगा ओशाळला. डब्याने पाणी काढून दूर गवतात जाऊन बसला. त्याच्याबरोबरच्या मुलीने विचारलं, "मामा, मग पिण्यासाठी असंच घेतलं तर चालेल?"

मामांनी गाठीचा कोपरा चाचपला, कापड तिच्या हातात दिलं आणि आमचं काळं झालेलं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.