हस्ताचा पाऊस, मोरा चाकू आणि मामाचा कोयता

चाकू घेऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याने फक्त कुरिअरचे खोके फोडले होते. पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत लाकूड तासायला बसलं की खालच्या मजल्यावरचे काका ढलप्या हातात घेऊन वर येतात. शेवटी गांधी जयंतीला जोडून सुट्टी काढली आणि संगमेश्वर तालुक्यात मामाच्या वाडीवर तीन रात्री मुक्काम ठोकला.

हस्त नक्षत्र मुद्दामच धरलं होतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनच्या सुमारास गडगडाट आणि मग तासभर कोसळ. एप्रिलमध्ये पालापाचोळा काडीने पेटतो, तिथे चाकूची परीक्षा कसली? सगळं भिजलेलं असताना विस्तव करता आला तर खरं.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं मामाच्या जागेत, मामाच्या परवानगीने आणि घराजवळच्या खळ्यात केलं. राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. कोयना, चांदोली, भीमाशंकरसारख्या ठिकाणी तर असले प्रयोग मनातही आणू नका. गडावरच्या टाक्यांपाशी आणि लेण्यांमध्ये चुली मांडून भिंती काळ्या करणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लेखाची भाषा बिघडेल.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असा रस्ता घेतला. घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे हाच रस्ता. चाकू म्यानासकट टॉवेलात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवला होता. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट आहे, त्यात हा बसत नाही. तरी कमरेला लावून एसटी स्टँडवर मिरवू नका. मेट्रोतून तर तो न्यायचाच नाही.

आता चाकूबद्दल. मोरा हे स्वीडनमधलं गाव, तिथे १८९१ पासून कारखान्यात चाकू बनतात. माझा त्याच घडणीचा आहे. साधारण चार इंचांचं, दोन-अडीच मिलिमीटर जाडीचं कार्बन पोलादाचं पातं, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान. पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही, मध्येच थांबतं. याची धार पाचरीसारखी असते. दोन्ही बाजूंनी एकेक रुंद सपाट उतार थेट टोकापर्यंत येतो, मध्ये दुसरा बारीक कोन नाही. यालाच स्कँडी धार म्हणतात. हा चाकू तिकडच्या बर्च आणि पाइनसारख्या सरळ रेषांच्या लाकडांवर वाढलेला. आपल्याकडचं ऐन, किंजळ, खैर असलं कडक लाकूड बघून तो काय म्हणेल, हेच मला बघायचं होतं.

मामाने चाकू हातात घेऊन वजन केलं, अंगठ्याने धार पाहिली आणि परत दिला. "वांगी बरी कापेल," म्हणाला. त्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यातून काढलेला, वीसेक वर्षं वापरातला.

पहिल्या दिवशी लाकूडकाम. गेल्या आठवड्यातच वाऱ्याने मोडलेली शिवणीची फांदी मामाने ठेवली होती. कोरीव कामाला आपल्याकडे शिवणीसारखं लाकूड नाही. मऊ, फिकट पिवळं, चाकूला वाट देणारं. त्यातून मी डाव, म्हणजे आमटी वाढायची पळी, करायला घेतला. चाकू या कामात इतका गोड चालला की दोन तास मान वर केली नाही. सपाट उतार लाकडावर टेकला की चाकू स्वतःच खोली धरतो. हात वर केला तर काप बाहेर येतो, खाली दाबला तर आत जातो. दांडा, मान, पाठीचा गोलवा सगळं निघालं. अडलं ते वाटीशी. सरळ पात्याने खळगा होत नाही, त्याला वाकडा चाकू लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. मग मामीच्या चुलीतला निखारा चिमट्याने उचलून वाटीच्या जागी ठेवला आणि फुंकणीने हळूहळू फुंकत बसलो. निखारा लाकूड जाळत खाली उतरतो, मग कोळसा चाकूच्या टोकाने खरवडायचा, पुन्हा नवा निखारा. काठ जळायला लागले की ओलं फडकं टेकवायचं. चार निखाऱ्यांत आमटी राहील एवढा खळगा झाला. चाकूचं टोक कोळसा खरवडायला वापरा, उचकटायला नको. एवढ्या पातळ पात्याची अणी उचकटताना मोडते.

दुसऱ्या दिवशी दुपारचा पाऊस थांबल्यावर विस्तव. नियम साधा ठेवला: घरातलं काही घ्यायचं नाही, ना गोवरी ना नारळाची सोडणं. आडवं पडलेलं लाकूड स्पंजासारखं झालेलं असतं, त्याला हातही लावायचा नाही. शोधायचं ते उभ्याउभ्या वाळलेलं, किंवा दुसऱ्या झाडाच्या फांदीत अडकून राहिलेलं. मोडताना कट्ट आवाज आला तर आत कोरडं, नुसतं वाकलं तर सोडून द्या. मला बांधावर मनगटाएवढं ऐनाचं वाळकं सापडलं आणि बांबूच्या बेटात उभा मेलेला माणगा. बेटात किंवा लाकडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने आपटा. हा फुरशांचा, म्हणजे छोट्या विषारी सापांचा, मुलूख आहे आणि फुरसं बोटभर जागेत बसतं.

ऐनाची साल ओली होती, गाभा कोरडा. तो गाभा उघडायचा म्हणून मी व्हिडिओंमध्ये दाखवतात तसं बॅटनिंग केलं. म्हणजे चाकू लाकडाच्या डोक्यावर आडवा धरायचा आणि पाठीवर सोट्याने ठोकत खाली न्यायचा. पहिली दोन चिरफळं झकास निघाली. तिसऱ्याला चाकू मध्यावर अडला. मी आणखी जोर लावला. आत गाठ होती, बाहेरून दिसत नव्हती. ठोकता ठोकता आवाजच बदलला, ठक्क ऐवजी टिंग. चाकू काढला आणि नखावरून धार फिरवून पाहिली तर दोन जागी अडखळत होती. धार वळली होती. चाकूचा यात काही दोष नाही. ऐनाच्या गाठीवर दोन मिलिमीटरचं पातं ठोकणाऱ्याचा आहे.

मामा पडवीतून बघत होता. त्याने काही न बोलता कोयता उचलला, लाकूड उभं धरलं आणि त्याचे चार तुकडे केले. तेवढ्यात माझी विडी पेटली नसती, मी ओढत असतो तर.

पण कोयता नसेल तेव्हा काय, याचंही उत्तर त्याच दुपारी सापडलं. लाकडाच्या डोक्यावर चाकूने हलक्या ठोक्याने नुसती चीर पाडायची आणि चाकू बाहेर काढायचा. मग त्याच चाकूने वाळक्या फांदीची पाचर तासायची, ती चिरेत बसवून ठोकायची. उरलेलं ऐन मी असंच फोडलं. वेळ जातो, चाकू वाचतो.

आता पापुद्र्यांची काडी, म्हणजे फेदर स्टिक. फोडलेल्या फाळक्याच्या कडेवरून पातळ काप घ्यायचे, पण शेवटी तोडायचे नाहीत, टोकाशी गुंडाळलेले तसेच काडीला लटकू द्यायचे. मनगट हलवू नका. कोपर सरळ ठेवा आणि खांद्यातून वजन द्या. ऐनावर माझे पापुद्रे अर्ध्यावर तुटत होते, लाकूडच कडक. नियम मोडून, नुसतं ताडून बघायला, मामाकडच्या जुन्या चौकटीचा सागाचा तुकडा तासून पाहिला. तो पेट सुरेख घेतो, त्यात तेल असतं, पण सागात बारीक वाळू असावी तशी सिलिका असते, ती धार खाते. सगळ्यात कामाचा निघाला माणगा. हा भरीव बांबू, वरची साल काचेसारखी, पाणी आत जाऊ देत नाही. वरचा ओला थर काढून टाकला आणि चाकू काटकोनात धरून पाठीने खरवडलं. मांजराच्या केसांसारखा मऊ किस निघाला, मूठभर. हा किस लगेच शर्टाच्या आत ठेवा. पावसाळी हवेत तो पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडतो. माझा पहिला विस्तव याच चुकीने हुकला: किस खळ्यात उघडा ठेवून मी काड्या फोडत बसलो, आणि मग ठिणग्या पडत राहिल्या आणि विझत राहिल्या.

खरवडायला आणि फेरो रॉडला, म्हणजे घासलं की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीला, पाठीची कड काटकोनी, तीक्ष्ण लागते. या प्रकारच्या स्वस्त चाकूंची पाठ गोलसर येते. मी निघण्याआधी कुरुंदाच्या दगडावर घासून ती सपाट करून घेतली होती. मशीनवर करणार असाल तर पातं तापू देऊ नका, पोलादाचा रंग बदलला की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा. फेरो रॉडची गंमत अशी की ठिणगी चाकूची नसते, रॉडची असते. लायटरमधला दगड याच धातूचा, १९०३ साली आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने त्याचं पेटंट घेतलं. चकमकीत उलटं होतं: गारगोटी पोलादाचा कण खरवडते आणि तो कण पेटतो. म्हणून चकमकीला कार्बन पोलाद लागतं, स्टेनलेस चालत नाही. मी ओढ्यातली गारगोटी घेऊन चाकूच्या पाठीवर मारून पाहिली. ठिणग्या आल्या, पण बारीक, लालसर. जळक्या सुती कापडावर एक धरली ती बाराव्या-तेराव्या फटक्याला. हौस म्हणून ठीक. चाकूची पाठ मात्र ओरखडली.

रॉड मारताना चाकू पुढे ढकलू नका, किसाचा ढीग उधळतो. चाकू किसावर स्थिर धरा आणि रॉड मागे ओढा. दुसऱ्या प्रयत्नात मी आधी ऐनाची चार फाळकी जमिनीवर शेजारी शेजारी मांडून ओलीपासून बैठक केली. काड्या तीन जाडीच्या वेगळ्या ठेवल्या, काडेपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या, प्रत्येकीची भरपूर मूठ. मग शर्टातून किस काढला. तिसऱ्या ठिणगीला धरला. लाकूड शोधण्यापासून चहाचं आधण ठेवेपर्यंत पाऊण तास, त्यातली आग पेटवण्याची पाच मिनिटं. चुलीला ओढ्यातले दगड लावू नका, आत पाणी असतं, तापले की फुटतात. बांबूचं बंद पेरही सरळ आगीत टाकायचं नाही, बंदुकीसारखं वाजतं. फोडून टाका. आणि बिब्बा, रानबिब्बा, काजूची टरफलं विस्तवात नकोत. धुरानेही अंग उततं. कण्हेरीच्या काडीला काही भाजायला लावू नका, ती विषारी.

संध्याकाळ गेली धार लावण्यात. स्कँडी धारेचं मला पटलेलं सगळ्यात मोठं सुख हेच: कोन मोजावा लागत नाही. तो सपाट उतार निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पुरता टेकवायचा आणि पाणी घालून घासायचं. मामाच्या निसण्याला मध्ये खळगा होता, म्हणून आधी तो फरशीवर घासून सपाट केला. तासाभरात वळलेली जागा गेली, कंबरपट्ट्याच्या चामड्यावर वीस-पंचवीस हात मारले आणि चाकूने हातावरचे केस उतरवले. जाड पात्याच्या, दुहेरी कोनाच्या चाकूला हे पडवीत बसून जमलं नसतं.

त्या रात्री एक गाढवपणा केला. चाकू पुसून म्यानात घातला, पण म्यान आतून ओलं होतं. सकाळी पात्यावर तपकिरी ठिपक्यांची रांगोळी. राखेने घासून काढली आणि खोबरेल तेल लावलं. कोकणात कार्बन पोलाद न्यायचं तर रात्री चाकू म्यानाबाहेर, तेल लावून ठेवायचा. फणसाचा चीक पात्याला बसला तर तोही तेलानेच निघतो, पाण्याने नाही.

निघायच्या सकाळी मामाने चाकू स्वतःहून मागितला. आंब्याच्या काडीला कलमासाठी पाचरीसारखा काप द्यायचा होता. एक काप दिला, उजेडात धरून पाहिला, दुसरा दिला. काप किंचित पोटाला आलेला, सपाट नव्हता. "पातं जाडं हो याचं," म्हणाला आणि खिशातलं ब्लेड काढलं. व्हिडिओवाले ज्या चाकूला पातळ म्हणून नाक मुरडतात तो कलमवाल्याला जाड, आणि मला वाटतं दोघांत मामा जास्त बरोबर आहे. तुम्ही विकत घ्यायला निघाला असाल तर पाच-सहा हजारांच्या जाड, मुठीत शेवटपर्यंत पातं जाणाऱ्या चाकूमागे लागू नका. असाच पातळ घ्या, उरलेल्या पैशांत लोहाराकडून कोयता करून घ्या आणि एक बरा निसणा. हातमोजा फक्त डाव्या हाताला. तासताना काप गुडघ्यांच्या बाहेर ठेवा, मांडीच्या आतल्या बाजूला लागलं तर संगमेश्वरला पोचेपर्यंत उशीर होईल. सॅकमध्ये जखम दाबून बांधायचं जाड कापड असू दे.

शिवणीचा डाव मामीने कौतुकाने चुलीशेजारच्या खुंटीला अडकवला. दिवाळीत गेलो तेव्हा तो वाटीपासून दांड्यापर्यंत तडकला होता. ओल्या लाकडाची वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून दोन-तीन आठवडे सावलीत वाळवायची असते, हे मला माहीत होतं. मामीला सांगायचं राहिलं.